बॉक्सिंग की ज्युदो : स्वसंरक्षणासाठी निवड कशी करावी

बॉक्सिंग ही हातभर अंतरावरची विद्या आहे, तर ज्युदो ही अंगाला अंग भिडल्यानंतरची. बॉक्सर समोरच्याला लांब ठेवून मारतो आणि त्याचा मार चुकवतो. ज्युदोपटू समोरच्याला धरतो, त्याचा तोल घालवतो आणि त्याला जमिनीवर आणतो. स्वसंरक्षणासाठी या दोहोंपैकी काय शिकावे, हा प्रश्न बहुधा 'कोण कोणाला हरवेल' अशा शब्दांत विचारला जातो. निवड करणाऱ्याला त्या उत्तराचा फारसा उपयोग होत नाही. आपल्यावर हल्ला झालाच तर तो कुठल्या अंतरावरून सुरू होण्याचा संभव आहे, आपल्या शरीराला आणि दिनक्रमाला काय झेपेल आणि जवळपास चांगला प्रशिक्षक कोणत्या विद्येचा आहे, या तीन गोष्टींचा विचार आधी व्हायला हवा.

दोन्ही विद्या कशा घडल्या

आजच्या बॉक्सिंगचा पाया इंग्लंडमध्ये १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनी घातला. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, मधली एक मिनिटाची विश्रांती आणि खाली पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंद, हे सारे त्याच नियमांतले. त्याआधीच्या उघड्या मुठींच्या लढतींत प्रतिस्पर्ध्याला कमरेच्या वर धरून आपटणेही चालत असे. नव्या नियमांनी ही झोंबाझोंबी बंद केली. त्यामुळे ठोशांचे आणि पायांच्या हालचालीचे तंत्र कमालीचे धारदार झाले. मात्र कोणी धरले तर काय करायचे, हा भाग बॉक्सिंगमधून जवळजवळ निघून गेला. आज रिंगमध्ये दोघे एकमेकांना बिलगले की पंच त्यांना सोडवतो. रस्त्यावर ही सोय नसते.

ज्युदोची स्थापना जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ साली टोकियोत केली. एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिराच्या आवारात बारा तातामींच्या, म्हणजे बारा चटयांच्या, जागेत त्यांची कोदोकान ही संस्था सुरू झाली. जुजुत्सू या जपानी युद्धविद्येच्या जुन्या घराण्यांतले डाव कानो यांनी पारखून घेतले. डोळे, गळा, जांघ अशा नाजूक जागांवरचे आघात आणि सांधा मोडणारे काही डाव त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले आणि ठरवून करायच्या 'काता' या प्रकारापुरते ठेवले. उरलेल्या फेका, पकडी आणि दाब मात्र पूर्ण ताकदीनिशी, खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदारावर वापरता येऊ लागले. या मोकळ्या सरावाला 'रांदोरी' म्हणतात. १९५६ साली कोदोकानने स्वसंरक्षणासाठी 'गोशिन जुत्सू' नावाचा २१ डावांचा काता तयार केला. त्यात काठी, सुरा आणि पिस्तूल यांच्याविरुद्धचे डावही आहेत. पण पदकांसाठी मेहनत घेणाऱ्या बहुतेक केंद्रांत तो क्वचितच शिकवला जातो.

भारतात ही जपानी विद्या फार लवकर आली. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ साली शांतिनिकेतनात जपानी शिक्षक आणला आणि पुढे १९२९ साली शिंझो ताकागाकी यांना बोलावले. त्यांच्याकडे मुलांबरोबर मुलीही शिकत. ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग १९०४ साली आले, ज्युदो १९६४ साली टोकियोत. महिलांचे ज्युदो १९९२ पासून अधिकृत आहे, तर महिलांच्या बॉक्सिंगला २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्याच वर्षी मेरी कोम यांनी लंडनमध्ये कांस्यपदक मिळवले.

दोन्हींचे खरे बळ

स्वसंरक्षणाच्या नावाखाली शिकवल्या जाणाऱ्या अनेक प्रकारांत जोडीदार हात पुढे करून स्थिर उभा राहतो आणि शिकणारा त्यावर सात-आठ हालचालींचा डाव करून दाखवतो. पाहायला हे छान वाटते. प्रत्यक्षात हल्लेखोर हात मागे खेचतो, ढकलतो, दुसऱ्या हाताने मारतो, आणि तो डाव पहिल्या-दुसऱ्या हालचालीतच मोडतो.

बॉक्सिंग आणि ज्युदो या बाबतीत वेगळे आहेत. बॉक्सिंगच्या सरावी लढतीत, म्हणजे स्पारिंगमध्ये, समोरचा खरोखर ठोसा मारण्याच्या प्रयत्नात असतो. रांदोरीत समोरचा खरोखर पाडण्याच्या प्रयत्नात असतो. अंगावर कोणी धावून आले की छाती धडधडते, श्वास वर चढतो, नजर एकाच बिंदूवर खिळते. या अवस्थेतही हातपाय चालू ठेवण्याची सवय अशा सरावातूनच लागते. नुसत्या बॅगवर ठोसे मारून किंवा नुसते डाव पाठ करून ती लागत नाही. बॉक्सिंग घ्या किंवा ज्युदो, विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबरचा सराव असेल तरच ते स्वसंरक्षणाच्या कामाचे आहे.

दोघे समोरासमोर आले तेव्हा

या दोन विद्यांची प्रत्यक्ष गाठ पडल्याची एक नोंद प्रसिद्ध आहे. २ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत ज्युदोपटू जीन लबेल आणि मिडलवेट बॉक्सर मायलो सॅव्हेज यांची लढत झाली. एका मासिकात ज्युदोपटूंची खिल्ली उडवून बॉक्सरला हरवून दाखवण्याचे आव्हान देण्यात आले होते, त्यातून ती ठरली. चौथ्या फेरीत लबेल यांनी सॅव्हेज यांना खाली पाडले आणि गळपकडीने बेशुद्ध केले. मात्र त्या लढतीत बॉक्सरच्याही अंगात ज्युदोसारखे जॅकेट होते, म्हणजे धरायला कापड मिळत होते. तरीही लढत संपवायला निष्णात ज्युदोपटूला तीन फेऱ्या पुरल्या नाहीत.

उलट दिशेचे उदाहरण २०१५ च्या नोव्हेंबरमधले आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ज्युदोचे कांस्यपदक मिळवलेल्या रोंडा राउझी मिश्र लढतींच्या यूएफसी स्पर्धेत तोवर अजिंक्य होत्या. मेलबर्नमध्ये त्यांच्यासमोर बॉक्सिंगमधल्या माजी जगज्जेत्या हॉली होम आल्या. होम यांनी सतत जागा बदलत, सरळ ठोसे मारत राउझींना पकड घेऊच दिली नाही आणि दुसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ मारून लढत संपवली.

दोन्ही लढतींचा धडा एकच आहे. ज्याने अंतर आपल्या सोयीचे राखले तो जिंकला. पकड बसली की बॉक्सर अडचणीत येतो. पकड बसली नाही तर ज्युदोपटू.

हल्ला कुठल्या अंतरावरून येतो

सर्वसाधारण माणसावर येणारे प्रसंग साधारण तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार भांडणाचा. गाडीला गाडी घासली, रांगेत धक्का लागला, पार्किंगवरून शब्दाला शब्द वाढला. आवाज चढतो, समोरचा जवळ येतो, छातीवर ढकलतो आणि मग उजव्या हाताचा लांबून येणारा ठोसा मारतो. हा ठोसा दिसणे, चुकवणे आणि बाजूला होणे बॉक्सिंगमध्ये पहिल्या काही महिन्यांत शिकवले जाते. अशा भांडणात कॉलरही हमखास धरली जाते, आणि तिथे ज्युदोचे काम सुरू होते.

दुसरा प्रकार पकडीचा. हात धरून ओढणे, गळा दाबणे, मागून मिठी मारणे, केस धरणे, भिंतीशी दाबणे. स्त्रियांवरच्या हल्ल्यांत हा प्रकार विशेष महत्त्वाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे दिसते, की नोंदवलेल्या बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. ओळखीचा माणूस आधीपासूनच जवळ असतो, कित्येकदा घरात किंवा कामाच्या ठिकाणी असतो. तिथे पवित्रा घेऊन हातभर अंतर राखायला वेळच मिळत नाही. पकडीतून सुटणे, खाली पडल्यावर वरच्याला बाजूला सारणे आणि पुन्हा उभे राहणे हे तिथे उपयोगी पडते, आणि ते ज्युदोच्या जमिनीवरच्या सरावात येते.

तिसरा प्रकार शस्त्राचा किंवा अनेक जणांचा. इथे दोन्ही विद्या अपुऱ्या आहेत. सुरा दाखवून कोणी मोबाइल किंवा पैसे मागत असेल तर ते देऊन टाकावेत आणि निघून जावे. तीन-चार जण असतील तर एकाला धरून जमिनीवर लोळणे अत्यंत धोक्याचे, कारण बाकीच्यांच्या लाथा थेट डोक्यावर येतात. बॉक्सिंगची पायांची हालचाल इथे थोडी अधिक उपयोगी, तीही वाट काढून पळण्यापुरती.

बॉक्सिंग काय देते

बॉक्सिंगची पहिली देणगी पवित्रा आणि अंतराचे भान. डावा पाय पुढे, उजवा मागे, टाचा हलक्या, हनुवटी खाली, दोन्ही हात गालांच्या उंचीवर. या स्थितीतून पहिला ठोसा शिकवला जातो तो जॅब. पुढचा हात सरळ रेषेत बाहेर जातो, जाता जाता मूठ फिरून तळवा जमिनीकडे होतो, खांदा हनुवटी झाकतो, आणि हात गेला त्याच वाटेने परत गालापाशी येतो. नवशिका हात परत आणताना तो खाली सोडतो आणि तेवढ्या क्षणात त्याचा चेहरा उघडा पडतो. म्हणूनच चांगला प्रशिक्षक हात परत येईपर्यंत नजर हटवत नाही. जॅबच्या मागोमाग मागच्या हाताचा क्रॉस, मग हुक आणि अपरकट. या चार ठोशांवर आणि बाजूला सरकण्यावर सारे बॉक्सिंग उभे आहे. डावांची संख्या कमी असल्याने आठवड्यातून तीन दिवस नियमित सराव केल्यास सहा महिन्यांत सामान्य प्रकृतीच्या माणसाला उपयोगी पडेल इतके तंत्र अंगी येते.

दुसरी देणगी मार सोसण्याची तयारी. ज्याला आयुष्यात कधी तोंडावर फटका बसलेला नाही तो पहिल्या फटक्यानेच गोठतो. नियंत्रित स्पारिंगने हे गोठणे कमी होते. तिसरी देणगी दम. दोरीवरच्या उड्या, शॅडो बॉक्सिंग आणि फेऱ्यांचा सराव यांनी वाढलेला दम पळून जाण्यासाठीही कामी येतो.

उणिवाही ठळक आहेत. मोजे आणि त्याखालची पट्टी हाताचे रक्षण करतात. उघडी मूठ कवटीवर बसली तर करंगळीच्या मागचे तळहाताचे हाड मोडण्याचा संभव मोठा असतो. या मोडीला वैद्यकात बॉक्सरच्याच नावाने ओळखले जाते. समोरच्याचा दात लागून बोटाच्या पेऱ्यावर झालेली बारीक जखमही चिघळू शकते, ती लगेच डॉक्टरांना दाखवावी लागते. त्यामुळे स्वसंरक्षणासाठी बॉक्सिंग शिकणाऱ्याने तेच सरळ ठोसे उघड्या तळव्याच्या टाचेने मारण्याचाही सराव करावा. मोठ्या मोज्यांमागे चेहरा लपवण्याची सवय उघड्या हातांनी पुरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे पकडीतून सुटण्याचे किंवा जमिनीवरून उठण्याचे शिक्षण बॉक्सिंगमध्ये नाही.

ज्युदो काय देते

ज्युदोची पहिली आणि आयुष्यभर पुरणारी देणगी म्हणजे पडण्याचे तंत्र, उकेमी. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि नजर कंबरपट्ट्याच्या गाठीकडे ठेवायची, म्हणजे डोके जमिनीवर आदळत नाही. पाठ गोल करायची, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात शरीरापासून थोड्या अंतरावर तळवे खाली करून मॅटवर आपटायचे. हात मागे टेकून शरीर सावरण्याची उपजत ओढ मोडणे हा यातला अवघड भाग, कारण त्याच ओढीमुळे मनगट मोडते. दुचाकीवरून घसरणे, पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर पाय सटकणे असे प्रसंग हल्ल्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा येतात. तिथे ही सवय आपोआप धावून येते.

दुसरी देणगी स्पर्शातून तोल ओळखणे. दृष्टिहीन खेळाडूंचे ज्युदो १९८८ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. त्यात लढत सुरू होण्यापूर्वी दोघांना एकमेकांची पकड घेऊ देतात आणि पुढचे सारे स्पर्शावर चालते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये कपिल परमार यांनी या खेळात भारताला पहिले पदक, कांस्य, मिळवून दिले. अंधारात, गर्दीत किंवा मागून धरले गेल्यावर हीच जाण कामी येते.

तिसरी देणगी म्हणजे समोरच्याला किती इजा करायची ते ठरवण्याची मुभा. ओसोतोगारी ही फेक त्यासाठी पाहण्यासारखी आहे. एका हाताने समोरच्याची बाही आपल्या कमरेकडे खाली ओढायची, दुसऱ्या हाताने त्याची कॉलर किंवा खांदा मागच्या कोपऱ्याकडे रेटायचा, त्याचे वजन एका टाचेवर आले की आपला पाय त्याच्या त्या पायामागे घालून जोरात मागे झटकायचा. तो पाठीवर पडतो. पडताना बाही धरून ठेवली तर त्याचे डोके आपटत नाही. सोडली तर आपटते. नात्यातला दारू प्यालेला माणूस अंगावर आला तर त्याला न मारता खाली दाबून ठेवण्याची सोयही ज्युदोत आहे.

उणिवांचा विचार कपड्यांपासून करावा लागतो. ज्युदोचा जाड सुती अंगरखा ओढला तरी फाटत नाही. महाराष्ट्रातल्या उकाड्यात समोरच्याच्या अंगात असतो तो पातळ टी-शर्ट. तो ताणला जातो, फाटतो, घामाने निसटतो. म्हणून स्वसंरक्षणासाठी शिकणाऱ्याने मान, मनगट आणि काखेतून घेतलेली मिठी अशा कापडाविना पकडींवरही फेका करून पाहाव्यात. इथे कुस्तीची तालीम मोठी मदत करते. मल्लाच्या अंगावर धरायला कापड नसतेच, त्यामुळे ढाक, टांग, धोबीपछाड हे डाव उघड्या अंगाच्या पकडीवरच बसवलेले असतात. धोबीपछाड आणि ज्युदोतली सेओनागे ही खांद्यावरची फेक तर जवळच्या नात्यातली. शिवाय पाय हाताने धरून पाडण्यावर स्पर्धात्मक ज्युदोने २०१० पासून निर्बंध आणले आणि २०१३ पासून पूर्ण बंदी घातली. कुस्तीत पट काढणे हा पहिल्या धड्यांपैकी एक असतो. ज्यांच्या गावात ज्युदोचे केंद्र नाही पण तालीम आहे, त्यांनी ती मुळीच कमी लेखू नये.

खेळाच्या नियमांनी लावलेल्या काही सवयीही घातक ठरू शकतात. पाठीवर पडून गुण जाऊ नये म्हणून खेळाडू पोटावर पालथा पडून राहतो. पंच थोड्या वेळात उभे करतो, म्हणून स्पर्धेत ते चालते. हल्ल्यात पाठ आणि मान उघडी टाकण्यासारखे दुसरे वाईट काही नाही. ज्युदोच्या रांदोरीत ठोसे नसल्याने पकडीसाठी पुढे जाताना चेहरा झाकण्याची सवयही लागत नाही. आणि ज्युदो सावकाश अंगी येते. पहिले काही आठवडे पडण्यातच जातात आणि विरोध करणाऱ्या माणसाला फेकता येण्यासाठी बहुधा वर्षभराची मेहनत लागते.

दुखापती

बॉक्सिंगमधला मुख्य धोका डोक्याला आहे. बेशुद्ध पाडणारा एखादा ठोसा जितका वाईट, तितकेच वर्षानुवर्षे बसणारे लहान फटकेही वाईट. अमेरिका आणि कॅनडा इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ साली संयुक्त निवेदन काढून मुलांनी व किशोरांनी बॉक्सिंग करण्यास विरोध नोंदवला. स्वसंरक्षणापुरते शिकणाऱ्या प्रौढालाही डोक्यावरचे जोरदार स्पारिंग वारंवार करण्याची गरज नाही. पॅड, बॅग, अंगावरचे ठोसे आणि अधूनमधून हलके स्पारिंग एवढे पुरते.

ज्युदोत खांदा, गळ्याजवळचे हाड, गुडघा आणि बोटे यांना दुखापती होतात. डोक्याचा धोका इथेही आहे. जपानच्या शाळांत १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाल्याचे उघड झाले तेव्हा तिथे मोठी खळबळ उडाली. त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांत पुरेशी उकेमी न आलेल्या नवशिक्याला मागे फेकल्यामुळे मेंदूत रक्तस्राव झाला होता. पडता येण्याआधी फेकून घेऊ नये, हा नियम त्यामुळे मोडण्यासारखा नाही. दोन्ही खेळांत डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, विसरभोळेपणा किंवा वाढती डोकेदुखी जाणवली तर सराव त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांची परवानगी मिळेपर्यंत परत उतरू नये.

वय, अंगकाठी आणि वेळ

दोन्ही खेळांत वजनगट असतात, यातच एक सत्य दडले आहे. पंधरा-वीस किलोंचा फरक तंत्राने थोडाफार भरून निघतो, पूर्ण नाही. 'कोणीही कोणालाही सहज लोळवेल' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. हलक्या अंगकाठीच्या व्यक्तीने पाडून किंवा फटका मारून मिळालेला क्षण निसटण्यासाठी वापरायचा असतो.

सहा-सात वर्षांपासूनच्या मुलांसाठी ज्युदो अधिक योग्य. पडणे, लोळणे, धरणे हे मुलांना खेळासारखेच वाटते आणि डोक्यावर ठोसे बसत नाहीत. विशी-तिशीतल्या निरोगी माणसाला दोन्ही झेपतात. चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याने गुडघे, पाठ आणि खांदे यांचा विचार करावा. जुने दुखणे असेल तर जोडीदाराच्या अंगावर न मारता पॅडवर ठोसे मारण्याचे बॉक्सिंग सोपे जाते. ज्युदो घेतल्यास उकेमी आणि जमिनीवरचा सराव यांवर भर द्यावा. मान किंवा मणक्याचा त्रास, हृदयविकार, डोळ्याच्या पडद्याचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हाती तीन-चार महिनेच असतील, उदाहरणार्थ नव्या शहरात नोकरीसाठी जाण्यापूर्वी, तर बॉक्सिंगमधून अधिक पदरात पडेल. दोन-तीन वर्षे देता येणार असतील तर ज्युदोची गुंतवणूक जास्त फळ देते.

वर्ग पारखताना

प्रवेश घेण्यापूर्वी एक-दोन दिवस वर्ग बसून पाहावा. चांगले केंद्र ते आनंदाने पाहू देते. काही गोष्टींकडे बारकाईने लक्ष द्यावे.

प्रशिक्षकाचे शिक्षण विचारावे. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत दोन्ही खेळांच्या प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम आहेत. ती पदविका असणे ही जमेची बाजू. ती नसली तरी त्याने स्वतः खेळ खेळलेला असावा आणि त्याचे विद्यार्थी तालुका, जिल्हा, राज्य अशा स्पर्धांत उतरत असावेत.

ज्युदोच्या वर्गात मॅट पुरेशा जाड आहेत का, त्यांच्यात फटी पडतात का, भिंत किंवा खांब उघडे आहेत का, ते पाहावे. नवशिक्यांना पहिले काही आठवडे पडायला शिकवले जाते का, आणि एखाद्याने हाताने थाप मारून हार मानताच जोडीदार तत्क्षणी सोडतो का, हे सर्वांत महत्त्वाचे. बॉक्सिंगच्या वर्गात हाताला पट्टी बांधायला शिकवतात का, स्पारिंगसाठी जाड मोजे, माउथगार्ड आणि हेडगार्ड सक्तीचे आहेत का, आणि नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात जुन्या, वजनदार खेळाडूसमोर उभे करतात का, ते तपासावे. तसे करत असतील तर तिथून परतावे.

मुली आणि स्त्रियांनी वर्गाची वेळ, येण्याजाण्याचा रस्ता, कपडे बदलण्याची स्वतंत्र जागा आणि आधीपासून येणाऱ्या मुलींचे मत जाणून घ्यावे. सरावात स्पर्श अटळ असतो. तो कशासाठी आहे हे प्रशिक्षक आधी सांगतो का, आणि 'हा जोडीदार नको' म्हटल्यावर ते मान्य होते का, यावरून त्या जागेची रीत कळते. जोडीदार म्हणून स्त्रियांबरोबर पुरुषांशीही सराव करण्याची संधी मिळाली तर उत्तम, कारण प्रत्यक्ष हल्ल्यात वजनाचा आणि ताकदीचा फरक असणार.

सात दिवसांत स्वसंरक्षण शिकवणारी शिबिरे सावधपणाचे चार धडे आणि मोठ्याने ओरडण्याचा सराव देतात, तेवढ्यापुरती ती चांगली. त्यांतून लढण्याची कुवत आली असे मानणे धोक्याचे आहे.

कायद्याची चौकट

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये सांगितला आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही. मात्र कलम ३७ प्रमाणे बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क मिळत नाही. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा धोक्यांच्या वाजवी भीतीत हा हक्क हल्लेखोराच्या जिवापर्यंतही जाऊ शकतो, असे कलम ३८ सांगते.

सरावाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. हल्लेखोर खाली पडला, पळाला किंवा थांबला की बचाव संपला. त्यानंतर मारलेला ठोसा हा नवा हल्ला ठरतो. ठोशाने भोवळ येऊन डांबरी रस्त्यावर डोके आपटले किंवा काँक्रीटवर पूर्ण जोराने फेक बसली तर माणूस दगावू शकतो. गळपकडीने मेंदूचा रक्तपुरवठा तुटून काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि त्यानंतरही पकड तशीच ठेवली तर जीव जातो. म्हणून निसटण्याची वाट मिळताच निघावे, सुरक्षित जागी पोहोचून ११२ वर फोन करावा, अंगावरच्या खुणांची वैद्यकीय नोंद करून घ्यावी आणि पाहणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत.

निवड

ज्याला मुख्यतः रस्त्यावरच्या भांडणातून स्वतःला सोडवायचे आहे, ज्याच्याकडे वेळ कमी आहे किंवा ज्याला दम आणि चपळाई वाढवायची आहे, त्याने बॉक्सिंग घ्यावे. धरले जाण्याची, दाबले जाण्याची भीती असलेल्याने, लहान मुलांनी, आणि ज्यांना कामाचा भाग म्हणून माणसाला इजा न करता आवरावे लागते अशा सुरक्षारक्षक, रुग्णालयातले कर्मचारी यांसारख्यांनी ज्युदो घ्यावे. स्त्रियांसाठी, केवळ एकच निवडायचे असेल तर, जमिनीवरच्या सरावासह शिकवले जाणारे ज्युदो अधिक उपयोगी ठरते.

दोन्ही शिकता येणार असतील तर एक मुख्य धरून त्यात वर्षभर मुरावे आणि मग दुसऱ्यातला नेमका हवा तो भाग घ्यावा. ज्युदोपटूला चार-सहा महिन्यांचे बॉक्सिंग पुरते : चेहरा झाकणे, ठोसा चुकवत जवळ जाणे आणि सरळ ठोसा मारणे. बॉक्सरने ज्युदोतून तीन गोष्टी घ्याव्यात : उकेमी, मिठीतून सुटणे आणि खालून उठणे. दोन्ही एकदम सुरू केल्यास कशातच हात बसत नाही.

आणि घरापासून वीस मिनिटांवर बॉक्सिंगचा चांगला प्रशिक्षक असेल व ज्युदोचा दीड तासावर, तर बॉक्सिंगच निवडावे. उलट असेल तर ज्युदो. आठवड्यातून तीनदा ज्या वर्गाला जाणे जमेल, तोच वर्ग प्रसंग आल्यावर कामी येईल.